पाठीतलं तेल

विहीण माझ्या पाया पडायला वाकली आणि तिचे दोन्ही हात ओले झाले.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पाय खाली सतरंजीवर. लुगड्यातून निघून ते पोटऱ्यांवरून ओघळलं होतं आणि पावलांखालची सतरंजी भिजली होती. मला कळलंच नव्हतं. माझ्या पायांना गुडघ्याखाली ओलं-कोरडं कळत नाही, फक्त आग कळते. विहिणीनं हात उचलले, तळव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिनं वास घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती.

“पाणी सांडलं माह्याकडून,” मी म्हणाले.

माझ्याजवळ ना तांब्या होता ना पेला.

घरात माझ्या नातीचं, मुलाच्या मुलीचं, साक्षगंध होतं. उंद्रीची मंडळी आली होती. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं बोलून ठरलेलं. नातीला कुंकू लागलं होतं, आता दोन्हीकडचे लोक मोठ्यांच्या पाया पडत होते आणि मग सुपारी फुटून सोयरीक पक्की व्हायची होती. घरात सगळ्यांत मोठी मीच, म्हणून विहीण, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, आधी माझ्याकडे आली. तिनं नवी पैठणी नेसली होती. हात पदराला पुसायला तिनं पदर धरला, आणि सोडून दिला. हात तसेच अंगापासून दूर धरून ती बाहेर मोरीवर गेली. तिच्या मागे तिची जाऊ गेली. आम्ही सगळे पाण्याचा आवाज ऐकत होतो. ती बराच वेळ हात धूत होती.

माझ्या सुनेनं येऊन माझ्या पायांवर एक चादर टाकली, थंडी वाजत असल्यासारखी. बाहेर ऊन कडक होतं.

मंडळी जेवली. विहीण जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. सुपारी त्या दिवशी फुटली नाही. मधला माणूस म्हणाला, गुरुजींनी वेळ टळली म्हणून सांगितलं आहे, पुन्हा येऊ. गुरुजी तिथंच पान खात बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

मधला माणूस म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. स्थळ त्यानंच आणलं होतं. पुढच्या आठवड्यात तो मोटरसायकलवर आला आणि ओसरीवर माझ्या मुलाजवळ बसला. मी आत पलंगावर पडून होते. भिंत पातळ आहे.

“पोरगी पसंत आहे म्हणतात,” भाचा म्हणाला. “पोरीत काही खोट नाही. पण…”

“पण काय बे?”

“मावशीचं काय आहे ते इचारून राह्यले. पाय ओढते, बसल्या जागी होते. अन् तिची पिशवी रगत जाऊन काढली होती, हे तर साऱ्या सोयऱ्यायले माहीत आहे. आजीले पायाचा रोग, आजीले पिशवीचा रोग, मंग नातीले होणार नाही कशावरून? लेकराबाळाचा सवाल आहे म्हणते ईनबाई.”

माझा मुलगा म्हणाला, “म्हाताऱ्या माणसाचं होते तसं.”

“म्हाताऱ्या माणसाचं नाही ना दादा. मावशी मले आठवते तवापासून तशीच चालते.”

ते खरं होतं. आणि पिशवीचं जे सगळ्या सोयऱ्यांना माहीत होतं ते खोटं होतं. ते खोटं मीच पसरवलं होतं. आता माझ्या नातीचं लग्न त्या खोट्यावर येऊन अडलं होतं.

मी तिशी ओलांडली होती तेव्हाची गोष्ट. कापूस वेचून झाला की गाठोडं बांधून बैलगाडीत टाकायचं असतं. गाठोडं मोठं झालं होतं. मी ते उचललं, मुरडले, आणि कंबरेतून उजव्या पायात कळ गेली. शेकलं, चोळलं, एका माणसानं पाठीवर पाय देऊन कंबर बसवली. कमी झालं नाही. शेवटी माझे मालक मला नांदुऱ्याहून रेल्वेनं मोठ्या शहरात घेऊन गेले. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाठीत औषध सोडून फोटो काढावा लागेल, त्याशिवाय मणक्यातली गादी सरकली की नाही ते कळणार नाही.

मला वाटलं फोटोला उभं करतील. त्यांनी पालथं पाडलं. लुगडं सोडायला लावून मागून उघडा असलेला एक झगा घातला होता. खोलीत चार पुरुष होते आणि बाई मी एकटी. मी चौथी शिकलेली बाई, नवऱ्यापुढेही उजेडात पदर पडू न देणारी. सुईचं दुखणं मला नंतर आठवतं, आधी तो झगा आठवतो. त्यांनी पाठीला काहीतरी गार पुसलं आणि मणक्यात सुई घातली. औषध तेलासारखं होतं. सुई धरणारा दुसऱ्याला म्हणाला, “हळू, हे तेल हळूच जातं.” मग मला पट्ट्यांनी बांधलं आणि टेबल तिरकं केलं, डोकं खाली, पाय वर. तेल पाठीतून पुढं सरकतं आणि फोटोत दिसतं, त्यासाठी ते. झगा वर सरकत होता आणि माझे हात बांधलेले होते.

शेवटी त्यांनी सुईतून तेल परत ओढायला सुरुवात केली. ओढताना पायातून असा झटका गेला की मी गुरासारखी ओरडले. एकजण म्हणाला, राहू द्या, थोडं राहिलं तर काही होत नाही. तेव्हा सगळीकडे तसंच समजत होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना माहीत नव्हतं.

गादी सरकलेली नव्हती. गोळ्या दिल्या, आराम सांगितला. डोकं उचलवत नव्हतं म्हणून काही दिवस तिथंच आडवी पडून राहिले, मग घरी आलो. कंबर हळूहळू बरी झाली. मी पुन्हा वावरात जाऊ लागले. दोन-तीन वर्षांनी तळपायांची आग सुरू झाली. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी. नंतर मुंग्या, नंतर बधिरपणा, आणि मांडी घालून बसलं की कंबरेत कोणी पाना फिरवतंय असं व्हायचं. माझी सासू म्हणायची, “वावरात बसून वेचता येते, चुलीपुढं बसून भाकर करता येत नाही, असा कोणता रोग आहे व बाई?” वावरात मी बसून वेचत नव्हते, वाकून वेचत होते. पण तिला ते कोण सांगणार?

पहिल्यांदा झालं ते वावरातच. खोकला आला आणि लुगडं भिजलं. मला वाटलं एखाद्या वेळी होतं. मग शिंकेनं झालं, ओझं उचलताना झालं, आणि मग काहीही न करता झालं. जायची भावना व्हायचीच नाही. पोट फुगलेलं राहायचं आणि आपोआप गळायचं.

मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या माहेरच्या गावात एक बाई होती. बाळंतपणात अडून तिचं मूल मेलं आणि तिला तेव्हापासून सतत गळायचं. नवऱ्यानं तिला बापाच्या घरी आणून सोडलं आणि दुसरी केली. पोरं तिच्या मागं नाक धरून फिरायची, आणि त्या पोरांत मी होते. तिला आम्ही काय म्हणायचो ते मी इथं लिहीत नाही. माझे मालक तसे नव्हते, ते मला सोडून देणारे नव्हते. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी सांगितलं नाही.

एकदा दुपारी सासू समोर उभी असताना लुगडं मागून ओलं झालं. तिनं पाहिलं. मी चटकन बाजूला सरकले आणि म्हणाले, “आत्याबाई, अडचण आली.”

आमच्यात कावळा शिवला की बाई बाहेर बसायची. गोठ्याच्या अंगाला पोतं टाकून, ताटवाटी वेगळी, पाणी दुसऱ्यानं वरून ओतायचं. चार दिवस कोणी जवळ येत नाही, कोणी शिवत नाही, कपडे आपले आपण धुवायचे. मी त्या पोत्यावर जाऊन बसले, आणि मला कळलं की अशी जागा मला सगळ्या घरात दुसरी नाही. वास कोणाला येणार नाही. आला तरी गोठ्याचा वाटेल. पाय लांब करून आडवं पडता येईल. ओलं झालेलं कोणी विचारणार नाही.

मग मी वारंवार बाहेर बसू लागले. कुठं लग्न असलं, पाहुणे येणार असले, आग जास्त झाली, की माझी अडचण. खरी अडचण यायची ती वेगळी. सासू सुरुवातीला चिडायची.

“तुले महिन्यातून किती डाव कावळा शिवते व? आमच्या वाट्याचा बी तूच घेतला काय?”

मग ती चिडायची थांबली आणि घाबरली. तिच्या बहिणीची एक सून रक्त जाऊन मेली होती. सासू तोंडानं वाईट, पण माझ्या जिवाला भ्यायली. तिनं माझ्या मालकांना सांगितलं. मालकांनी मला तालुक्याला एका खासगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं विचारलं, “अंगावरून जास्त जातं का?”

मालक बाकावर शेजारीच बसले होते.

“हाव,” मी म्हणाले.

“महिन्यातून दोनदा?”

“दोनदा, तीनदा.”

“किती वर्षं?”

“लय.”

त्यानं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, दोन मुलं झाली आहेत, नसबंदी झालेली आहे, आता या पिशवीचा काय उपयोग, पुढं कॅन्सर होण्यापेक्षा काढून टाका. आमच्या भागात तेव्हा बायकांच्या पिशव्या अशाच निघायच्या, आजही निघतात. मालक हो म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. टेबलावर झोपवलं तेव्हाही मला बोलता येत होतं, शुद्धीवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. रक्त नाही, लघवी जाते. मी बोलले नाही. चांगली पिशवी काढू दिली.

टाके सुकले. गळणं वाढलं. आणि आता अडचण म्हणायची सोय गेली.

त्यानंतरची वर्षं मी पाणी न पिता काढली. कुठं जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून घोटभर नाही. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून बांधायच्या, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धुवायच्या. मोटारीत बसणं बंद केलं. लेकीच्या सासरी मी तिच्या दोन्ही बाळंतपणांना गेले नाही. आईच्या मातीला गेले नाही, बसमध्ये बसायचं होतं. गुडघे दुखतात म्हणाले. भावानं त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. लोक म्हणायचे, बुढी मिजासखोर आहे, कोणाच्या दारी जात नाही. मला ते बरं वाटायचं. मिजासखोर चालेल.

मालकही वारले, माझं हे त्यांना न कळताच.

तर भाचा मोटरसायकल चालू करून गेला आणि मुलगा आत आला. इतका चिडलेला मी त्याला पाहिला नव्हता.

“माय, तुले उठून जाता येत नोतं काय?”

“कळत नाही मले.”

“मुताचं कळत नाही? लहान लेकरू आहे काय तू?”

सून गॅसजवळ उभी होती. तिकडूनच म्हणाली, “त्यायले कळत नाही. ओरडू नका.”

“तुले काय माहीत?”

“मले नाक नाही काय? या घरात आली तवापासून गोधड्या वाळवून राह्यली मी. आई पहाटे भिजवून ठेवतात अन् म्हणतात मांजर मुतलं.”

“आपल्या घरी मांजर आहेच कुठी?” मुलगा म्हणाला.

“तेच तर.”

दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट असती तर मी हसले असते. मी भिंतीकडे तोंड केलं. इतकी वर्षं मी पहाटे उठून धूत होते, लपवत होते, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाईला सगळं ठाऊक होतं. तिनं कधी तोंडातून काढलं नाही. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. मला फक्त आणखी लाज वाटली.

नात दारात उभी होती. ती मोताळ्याला मेडिकलवर काम करते, औषधांचं शिकली आहे. साक्षगंधाच्या आधी ती त्या मुलाशी रोज फोनवर बोलायची, अंगणात फेऱ्या मारत, हळू आवाजात हसत. सुपारी अडल्यापासून तिचा फोन खिडकीत पालथा पडून होता. ती मला एवढंच म्हणाली, “उद्या सुट्टी टाकते. बुलडाण्याले जाऊ.”

“कायले?”

“पाठ दाखवाले. आजपर्यंत दाखवली नाही ना तू कोणाले?”

दाखवली नव्हती. पाठ दाखवली की पुढचं विचारतात.

बुलडाण्याचा डॉक्टर तरुण होता. आधी साधा एक्स-रे काढला, मग मोठ्या मशीनमध्ये घातलं. फोटो काचेवर लावून तो बराच वेळ पाहत राहिला. मग मला जवळ बोलावलं. मणक्यांच्या मधोमध पांढरे थेंब होते. खाली मोठे, वर बारके. दिव्यासमोर ते चमकत होते.

“आजी, फार वर्षांपूर्वी पाठीत सुई देऊन फोटो काढला होता का?”

“हाव. तेलाची सुई.”

“हे ते तेल आहे.”

“अजून?”

“ते विरघळत नाही. जिथं राहतं तिथं राहतं. पूर्वी तेच वापरायचे, दुसरं नव्हतं. काहीजणांना पुढं काही होत नाही. काहींच्या नसांच्या भोवतीचा पडदा त्यानं सुजतो आणि नसा एकमेकींना चिकटतात. शेवया शिजवून तशाच ठेवल्या की कशा होतात? गोळा होतो ना? तसं झालंय. पायाची आग त्याचीच.”

नातीनं विचारलं, “घरात दुसऱ्या कोणाले होऊ शकते?”

“नाही. हे सुईनं झालंय. रक्तातून येत नाही.” मग तो माझ्याकडे वळला. “लघवीवर ताबा आहे?”

“आहे,” मी म्हणाले.

तोंडातून आपोआप निघालं. सवय झाली होती.

“आजी,” नात म्हणाली, “तू सांगतं की मी सांगू?”

मी सांगितलं. जमिनीकडे पाहून सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, जसं तापाचं लिहितात तसं. तो म्हणाला, मूत्राशय भरलेलं कळत नाही म्हणून वरून सांडतं, पाणी बंद करून उलट त्रास वाढतो, दिवसातून काही वेळा नळीनं रिकामं करायला शिकवतो. चिकटलेल्या नसा सुट्या होणार नाहीत आणि तेल काढता येणार नाही, हेही त्यानं सरळ सांगितलं. सरळ सांगितलेलं मला आवडतं.

मग त्यानं पोटावरचा टाका पाहिला. “गर्भाशय काढलंय. का काढलं?”

“रक्त जाते म्हणून.”

“जात होतं?”

नात शेजारी उभी होती. तिच्यामुळेच बोलले. तिच्या अंगावर तो रोग चिकटवला गेला होता.

“नव्हतं जात,” मी म्हणाले. “लघवी जायची. मी रक्त सांगतलं.”

डॉक्टरनं तेही लिहून घेतलं. बाहेर आल्यावर नात बाकावर बसली. ती रडेल असं मला वाटलं. तिला राग आला होता.

“चांगली पिशवी काढू दिली तू? मुताच्या लाजेपायी?”

“हाव.”

“आबाले बी नाही सांगतलं?”

“तुह्या आबाले तर बिलकुलच नाही.”

“काऊन पण?”

एवढं मोठं दुखणं सोसता येतं, पोट फाडून घेता येतं, आणि ते चार शब्द बोलता येत नाहीत, हे कोणाला समजावून सांगणार? मला स्वतःलाच समजत नाही.

घरी मुलगा म्हणाला, फोटो आणि डॉक्टरचा कागद घेऊन मी उंद्रीला जातो, विषय मिटेल. नात म्हणाली, कोणी जायचं नाही, ज्यांना शंका आहे त्यांच्या घरी मला जायचंच नाही. हे बोलताना ती खिडकीतल्या फोनकडे पाहत होती. मी म्हणाले, फोटोत पायाचं कारण दिसतं. पिशवी कोणत्याच कागदात नाही, ती माझ्या तोंडात आहे. मी जाते.

सून माझ्यासोबत आली. काळी-पिवळी केली. नातीनं मेडिकलवरून मोठ्या माणसांसाठीच्या चड्ड्या आणल्या होत्या, लेकरांना घालतात तशा. सुनेनं मला ती घालून दिली. मी डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, “आई, डोळे उघडा. पाय उचला. मले बी कंबर आहे.”

उंद्रीला विहिणीनं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. तिची जाऊ होती, बाकी कोणी नाही. सुनेसाठी चटई टाकली होती. माझ्यासाठी खुर्ची होती, आणि खुर्चीवर खताची रिकामी पिशवी कापून अंथरलेली होती. मी तिच्यावर बसले. बसताना ती करकर वाजली. विहीण दुसरीकडे पाहत होती. तिला लाज वाटत असावी, पण तिनं पिशवी काढली नाही. मीही तिच्या जागी काढली नसती.

तिनं चहा पुढं केला.

“नको,” मी म्हणाले.

“घ्या ना मावशी. सोयऱ्याच्या घरी आल्या.”

“घेतला तर पुन्हा सांडीन.”

जावेनं तोंडाला पदर लावला. मी मग सगळं सांगितलं. सुई, तेल, गोठ्याच्या अंगाचं पोतं, तालुक्याचा डॉक्टर. सुनेनं हे पहिल्यांदा ऐकलं. ती चटईची काडी उपसत राहिली.

“म्हंजे चार-चार दिवस तुम्ही खोट्याच बाहेर बसत होत्या?” विहीण म्हणाली.

“हाव.”

“अन् रगत?”

“साऱ्या बायायले जाते तेवढंच जात होतं. त्याच्यावर नाही.”

“पण पिशवी खरीच गेली.”

“ते खरीच गेली.”

“बाप्पा!” जाऊ म्हणाली. “कामाचा कंटाळा आला की आम्ही बी एखादा दिवस वाढवून घेत होतो. पण पिशवी काढून देण्यापर्यंत नाही गेलो बुवा.”

ती हसली, मग विहीणही हसली, सूनही खाली पाहून हसली. ते हसणं वाईट मनाचं नव्हतं. पण मला हसू आलं नाही. माझे कान तापले होते, नव्या नवरीचे तापावेत तसे, या वयात.

विहीण थांबली. म्हणाली, “खोटं नाही सांगत मावशी, त्या दिवशी मी घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली.”

“कोणी बी करील.”

“मले शिसारी आली होती.”

“येईलच.”

तिनं डॉक्टरचा कागद घेतला. तो तिला वाचता आला नाही, मलाही येत नाही, इंग्रजी आहे. तिनं फोटो उजेडाला धरला. थेंब पाहिले.

“म्हंजे पोरीले हे होणार नाही?”

“नाही. सुई मले दिली, तिले नाही. अन् पिशवीचा रोग आमच्या घरात नव्हताच. तो मी बनवला.”

“तुमच्या तोंडावर भरोसा ठेवाचा?”

“आपल्या इज्जतीचा इतका कचरा करून कोणी खोटं बोलते काय, ईनबाई?”

तिनं फोटो खाली ठेवला आणि म्हणाली, “पोरगं चार घास नीट जेवून नाही राह्यलं. सांगते घरच्यायले. सुपारी फोडून घेऊ.” फोटो परत पिशवीत घालताना ती अडखळली. “फक्त लग्नात… तिथी लोक राहतीन, मावशी, आमच्याकडचे…”

“मी समोर बसणार नाही,” मी म्हणाले.

“तसं नाही म्हणत मी.”

“म्हणू नका. मले समजते.”

सून काहीतरी बोलणार होती, मी तिच्या हातावर हात ठेवला.

नातीनं खिडकीतला फोन उचलला आणि लग्न उन्हाळ्यात झालं. मंगल कार्यालयात मी मागच्या दाराजवळ बसले, बाथरूमच्या बाजूला. नळी आता माझी मला घालता येते. पाणीही पिते. सांगून टाकलं की हलकं वाटतं, असं नात म्हणाली होती. मला वाटलं नाही. उंद्रीपासून रोहिणखेडपर्यंत सोयऱ्यांच्या बायकांना आता सगळं माहीत आहे, आणि त्या माझ्याकडे पाहून एकमेकींच्या कानाला लागतात. पिशवीचा विचार केला की आजही मान खाली जाते. लपवायला काही उरलेलं नाही, लाज मात्र होती तेवढीच आहे.

नात उंद्रीला नांदते. तिथून ती चिखलीच्या मेडिकलवर जाते. हे सगळं जिनं भोगलं ती बाई मी, आणि मी अजून जिवंत आहे.